सोनारीणबाईंचा दवाखाना

आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी माझे दात बघितले. मी दारात उभी राहून 'गूटन टाग' म्हणाले, हसले, आणि त्या माझ्या तोंडाकडे इतकं निरखून बघायला लागल्या की मला वाटलं, दुपारच्या डब्यातली मेथी कुठेतरी अडकून राहिली असणार.

"खाली, उजवीकडून सहावा," त्या म्हणाल्या. "चांदी भरलीय. काम वाईट नाही, पण घाईत केलंय."

तो दात मी लग्नाच्या आदल्या आठवड्यात पुण्यात भरून घेतला होता. घाईचं निदान अगदी बरोबर होतं. मग त्यांनी वरच्या मजल्यावरचं घर दाखवलं, करारावर सह्या झाल्या, आणि किल्ल्यांबरोबर त्यांनी माझ्या हातात हवेतला दमटपणा मोजायचं एक गोल यंत्र ठेवलं. "न्हाणीघरात लावा. रोज संध्याकाळी मला आकडा सांगायचा."

जर्मनीत घरमालक दमटपणाला केवढे घाबरतात हे मला तोवर कळून चुकलं होतं. खिडक्या उघडा, हवा खेळू द्या, भिंतीला बुरशी येईल, हे इथल्या कुठल्याही भाडेकरूला पाठ असतं. आमच्या बाईंना मात्र दमट हवा हवी होती. आमच्या न्हाणीघराचा आकडा चांगला आला की त्या खूश व्हायच्या आणि म्हणायच्या, "गेनाऊ! अगदी बरोबर! तुम्ही लोक भात शिजवता ना, त्याचा हा फायदा."

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. र्युसेल्सहाइममध्ये, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका शांत गल्लीत ते दुमजली घर होतं. नवरा तिथल्याच मोटारींच्या कारखान्यात होता आणि मी रोज एस-बान लोकलने फ्रँकफर्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत जायचे. खाली बाई एकट्या राहायच्या. वय सदुसष्ट, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, आणि ते केस रोज सकाळी ओले. जानेवारीतसुद्धा. कारण बाई स्वतःच्या घरी आंघोळच करत नसत. उजाडलं की सायकलला टॉवेल अडकवून गावातल्या पोहण्याच्या तलावावर जायच्या आणि तिथेच सगळं उरकून यायच्या. त्यांच्या शॉवरच्या काचेच्या खोलीत माणसाला उभं राहायला जागाच नव्हती. तिथे खालपासून वरपर्यंत फळ्या ठोकलेल्या होत्या, फळ्यांवर ओली फडकी, आणि फडक्यांच्या मधे चिनी मातीचे कप, वाडगे, बश्या, एक चोच तुटलेली किटली.

"हा माझा वॉर्ड," असं त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सांगितलं. "इथे आवाज करायचा नाही."

बाईंनी बेचाळीस वर्षं एका डेंटल लॅबमध्ये दात बनवले होते. सोन्याच्या कॅप, ब्रिज, कवळ्या. डॉक्टरकडून प्लास्टरचे साचे यायचे आणि यांनी बनवलेले दात डब्यांतून परत जायचे. "इतक्या लोकांच्या तोंडात मी सोनं घातलं," त्या म्हणायच्या, "आणि एकाचंही तोंड पाहिलं नाही." त्याची भरपाई त्या आता करत होत्या. पोस्टमन, बेकरीतली मुलगी, चर्चचे पाद्री, कोणीही समोर आलं की आधी दात.

निवृत्त झाल्यावर त्या ड्युसेलडॉर्फला एका जपानी बाईंकडे शिकायला जायला लागल्या. त्या शहरात पुष्कळ जपानी कुटुंबं आहेत. दर दुसऱ्या शनिवारी आगगाडीने जायचं, दिवसभर मान खाली घालून बसायचं, संध्याकाळी परत. दोन वर्षं. फुटलेलं भांडं एका झाडाच्या चिकाने सांधायचं आणि सांध्यावरून सोन्याची पूड फिरवायची, अशी ती जपान्यांची कला. किन्त्सुगी म्हणतात तिला. तो चीक कोरड्या हवेत वाळत नाही, दमट हवेतच घट्ट होतो, म्हणून बाईंना घरभर दमटपणा हवा असे. आपण भांडं सांधलं तर जोड दिसू नये म्हणून धडपडतो. हे लोक फुटल्याची रेघ सोन्याने उजळून ठेवतात. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्या जपानी बाई आमच्या बाईंना म्हणाल्या होत्या, "तुमचा हात उत्तम आहे, आणि स्वभाव अजिबात चालणार नाही." हे बाई मोठ्या अभिमानाने सांगत.

दर गुरुवारी तीन ते पाच त्यांचा दवाखाना असे. खालच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लागायची, 'श्प्रेखश्टुंडे', म्हणजे डॉक्टरांची भेटीची वेळ. लोक वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे घेऊन यायचे. बाई पैसे घेत नसत. फक्त सोन्याच्या पुडीची किंमत द्यायची आणि एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. प्रश्न एकच असे: कसं फुटलं?

"पडलं," असं कोणी म्हटलं की बाई चष्मा काढून ठेवायच्या. "वस्तू आपणहून पडत नाहीत. कोणी पाडलं?"

एकदा मी खाली भाड्याच्या कराराचं काही विचारायला गेले होते, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ सूपचा मोठा वाडगा घेऊन बसले होते. ते म्हणाले, मांजराने पाडला.

"मांजराचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

गृहस्थ थांबले. बराच वेळ थांबले. माणूस स्वतःच्या मांजराचं नाव आठवायला इतका वेळ घेत नाही. बाईंनी वाडगा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. पुढच्या गुरुवारी ते परत आले आणि दारातूनच म्हणाले, "मी. बायकोशी बोलताना. रागात." बाईंनी लगेच वाडगा घेतला.

आणि एकदा फ्रँकफर्टहून एक झकपक बाई आल्या, पाच तुकडे झालेली सुंदर हिरवी बशी घेऊन. आमच्या बाईंनी भिंगातून दोन मिनिटं कडा तपासल्या आणि विचारलं, "हातोडी?" त्या बाई लाजत हसल्या. त्यांनी म्हणे एका मासिकात असल्या सोनेरी रेघांचा फोटो पाहिला होता आणि दिवाणखान्यात तसं काहीतरी हवं होतं, म्हणून बशी टॉवेलात गुंडाळून मुद्दामच फोडली होती. आमच्या बाई उठल्या, त्यांनी दार उघडलं आणि अगदी सभ्य आवाजात म्हणाल्या, "निरोगी दात मी काढत नाही."

त्यांच्या या नादाची एक किंमत त्या रोज मोजत होत्या. तो जपानी चीक ओला असताना अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, फोड येतात. बाईंचे हात कोपरापर्यंत कायम लाल, कुठे सालं निघालेली. हातमोजे घातले की बोटांना भांडं कळत नाही अशी त्यांची तक्रार. डॉक्टरांनी ही कला सोडा असं सांगितलं होतं. बाईंनी डॉक्टर सोडले.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. मी त्यांना आई म्हणते. आई रत्नागिरीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढलेली. स्वतःची चूक झाली असं त्यांच्या तोंडून ना मी कधी ऐकलं होतं, ना त्यांच्या मुलाने. मनाने वाईट नव्हत्या. पण आमच्या दोघींत एक अंतर होतं, आणि ते दोघीही नीट सांभाळून होतो. नव्वद दिवसांचा व्हिसा, नव्वद दिवस शांततेत काढायचे, एवढंच मी ठरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना खाली भेटवायला नेलं. बाईंनी अर्थातच दात पाहिले. आईंनी त्यांचे हात पाहिले.

"अगं, हिला बिबा उतलाय!"

मी म्हटलं, आई, इथे कुठला बिबा, हा जपानी झाडाचा चीक आहे. आईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ओल्या काजूचा चीक काय करतो, बिब्याचं तेल काय करतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्या तडक वर गेल्या, बॅगेतून खोबरेल काढून आणलं आणि बाईंचा हात ओढून घेऊन चोळायला लागल्या. बाईंना असं कोणी विचारल्याशिवाय हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी चकित होऊन दुसरा हातही पुढे केला.

संध्याकाळी बाई हातात झाडांचा एक जाडजूड ग्रंथ घेऊन वर आल्या. त्यांचं ते जपानी झाड, आपला बिबा, काजू आणि आंबासुद्धा, सगळे एकाच कुळातले होते. "तुमच्या फ्राउ आई तज्ज्ञ आहेत!" त्या म्हणाल्या. फ्राउ म्हणजे श्रीमती; आई हे नाव नसून नातं आहे हे मी दोनदा समजावलं. "या, या," म्हणजे हो, हो, म्हणाल्या आणि फ्राउ आईच म्हणत राहिल्या. आईंनी त्यांचं नाव ठेवलं सोनारीणबाई. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला जर्मन येत नव्हती. मी ऑफिसातून आले की दोघी मागच्या अंगणात शेजारी शेजारी बसलेल्या दिसायच्या, एक शेंगा सोलतेय, एक ब्रश धुतेय.

दर रविवारी चार वाजता बाईंकडे कॉफी आणि केक असे. बाई स्वतः एकाच कपातून कॉफी पीत. जाडसर पांढरा, काठाला निळी पट्टी असलेला तो कप त्यांच्या आईचा होता. दुसरं महायुद्ध संपताना त्यांना श्लेझियातलं, म्हणजे आताच्या पोलंडमधलं, घर सोडून निघावं लागलं होतं. तेव्हा बाई सात वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने तो कप लोकरीच्या मोज्यात कोंबून आणला होता, आणि त्या घरातलं नंतर एवढंच उरलं. हा कप त्या कोणाला धुऊ देत नसत.

आईंना येऊन पाच आठवडे झाले असतील. त्या रविवारी कॉफी झाल्यावर आई उठल्या आणि कपबश्या गोळा करून स्वयंपाकघरात गेल्या. बाई आणि मी बाहेर बोलत बसलो. मी ऑफिसातली एक फजिती सांगत होते, आणि आम्ही दोघी हसून हसून लोळायच्या बाकी होतो. थोड्या वेळाने आई बाहेर आल्या, पदराला हात पुसत मला म्हणाल्या, "मी वर जाते, डोकं दुखतंय," आणि गेल्या.

दोन दिवसांनी बाई मला जिन्यात भेटल्या. "माझा कप तुम्ही कुठे पाहिलात का?" मी नाही म्हटलं. खरंच पाहिला नव्हता. पण त्याच आठवड्यात आईंच्या इस्त्री केलेल्या साड्या त्यांच्या बॅगेत ठेवताना माझ्या हाताला एक गाठ मारलेला रुमाल लागला. आत काहीतरी खुळखुळलं. मी गाठ सोडली आणि निळी पट्टी दिसली. तशीच परत बांधून टाकली.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला विचारलंस तर आठवडाभर जेवणार नाही. एक कप आहे, जाऊ दे ना." आणि मी जाऊ दिलं. हे लिहायला आजही बरं वाटत नाही. पण तेव्हा मी खरोखरच गप्प बसले.

पुढच्या गुरुवारी दारावर पाटी लागली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी खाली डोकावले तर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर बाईंनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: बश्या, पीठ, औषधं. टेबलावर कागद पसरले होते आणि बाई पेन्सिलीने घड्याळं काढत होत्या. गोल, त्यात आकडे, त्यात काटे. एक झालं की दुसरं.

"डॉक्टर काढायला सांगतात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "अकरा वाजून दहा मिनिटं. माझ्या आईला ते जमेना, तेव्हा तिचा स्मृतिभ्रंश कळला होता. नंतर तिने मलाही ओळखलं नाही. म्हणून मी सराव करतेय. सोमवारची वेळ घेतलीय." मग पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "कप मी कुठेतरी ठेवला आणि मला आठवत नाही. तो कप, जो मी कधी दुसऱ्या जागी ठेवतच नाही."

आई माझ्या मागोमाग खाली येऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद पाहिले, चिठ्ठ्या पाहिल्या. "काय म्हणतेय ती? ही घड्याळं कसली?"

मी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी आईंच्या डोळ्यांत बघायचं टाळतेय.

आई वळल्या. जिना चढून गेल्या. मला वाटलं, झालं, आता दार लावून बसतील. पण त्या परत आल्या, हातात तो रुमाल. टेबलावरची घड्याळं बाजूला सारून त्यांनी रुमाल ठेवला आणि गाठ सोडली.

"तिला सांग, तुझं डोकं शाबूत आहे. कप मी फोडला."

मी सांगितलं. बाईंनी तुकड्यांकडे पाहिलं. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. इतक्या दिवसांची भीती त्या श्वासाबरोबर बाहेर पडताना मला दिसली. मग डोळे उघडले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा कठोर झाला होता. चष्मा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

"कसा फुटला?"

"धुताना हातातून निसटला," आई म्हणाल्या.

मी भाषांतर केलं. बाईंनी एक तुकडा उचलून आईंच्या पुढे धरला. "निसटलेला कप असा फुटत नाही. हा वरून खाली जोरात आला आहे."

मी हेही सांगितलं. आई खुर्चीवर बसल्या. त्या बोलायला लागल्या ते बाईंशी नाही, माझ्याशी.

"तुम्ही दोघी बाहेर हसत होतात. मला काही कळत नव्हतं. तुझ्या घरात तोवर मी पाच आठवडे काढले होते, तू माझ्याशी कधी तशी हसली नव्हतीस. मला वाटलं, माझ्यावरच हसताय. मी कप आपटला. आपटायचा नव्हता, पण आपटला."

बाई वाट बघत होत्या. मी काय सांगू? शेवटी सगळं होतं तसं सांगितलं. ऐकून बाईंनी भुवया वर केल्या आणि मला म्हणाल्या, "मग सांगा त्यांना, आपण कशावर हसत होतो."

आता सासूला ते सांगायचं म्हणजे! ऑफिसात खूप उकडत होतं, आणि मी भर मीटिंगमध्ये साहेबांना 'मला गरम होतंय' म्हणायच्या ऐवजी 'मी गरम आहे' असं जर्मनमध्ये म्हणून बसले होते. आणि जर्मनमध्ये त्याचा जो चावट अर्थ होतो, तो होतो. मी मान खाली घालून, अडखळत, कसाबसा तो अर्थ सांगितला.

आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "साहेबांना?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो, आई."

मुख्याध्यापिकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. आधी खांदे हलायला लागले, मग हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बाईंनी दोन दिवस आम्हाला काही विचारलं नाही, जिन्यात भेटल्या तर नुसती मान हलवायच्या. कप त्यांच्या आईचा होता, राग यायचाच. तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या. "माझ्या आईचा कप मी सांधू शकणार नाही. हात थरथरेल. फ्राउ आईंनी सांधावा. मी शेजारी बसेन."

आई म्हणाल्या, फुटकं भांडं आमच्यात घरात ठेवत नाहीत. मग दुसऱ्याच क्षणी म्हणाल्या, "पण घर तिचं आहे. सांग, येते म्हणून."

त्या चिकात गव्हाचं पीठ मळून आधी खळ करायची असते. बाईंची खळ नेहमी थोडी गुठळ्यांची व्हायची. आईंनी काचेवर पीठ घेतलं, पाण्याचे चार थेंब, आणि तळव्याखाली असं मळलं की बाई वाकून बघत राहिल्या. भांडण झालं ते खोबरेलावरून. आईंना हाताला तेल चोळून बसायचं होतं, आणि तेलाचा अंश जरी लागला तरी चीक वाळत नाही म्हणून बाई ओरडायला लागल्या. मी मधे पडून तह केला: कोपरापर्यंत तेल, आणि बोटांना हातमोजे. बाईंनीही त्या दिवसापासून हातमोजे घालायला सुरुवात केली. डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते आईंनी नुसतं डोळे वटारून करून घेतलं.

"सगळ्यांना वाटतं सोनं जोडतं," बाई आईंना सांगत होत्या. "सोनं काही जोडत नाही. जोडतो चीक आणि पीठ. सोनं शेवटच्या दिवशी येतं."

आई मला म्हणाल्या, "हे मला कशाला सांगतेय? लग्नातही तसंच असतं."

सोमवारच्या डॉक्टरांनी बाईंना ठणठणीत ठरवलं. त्यांनी काढलेलं घड्याळ म्हणे दवाखान्यातल्या घड्याळापेक्षा बरोबर होतं. कपाटांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या, गुरुवारची पाटी परत लागली. आणि आईंचे दिवस भराभर संपत आले. चीक घाई करत नाही. खळ वाळायला दोन आठवडे, मग खाचा भरायच्या, घासायच्या, पुन्हा चिकाचा हात, पुन्हा ओल्या फडक्यांत ठेवायचं. विमानाच्या दिवशी कप नुसता तपकिरी रेघांचा होता. सोनं राहिलंच होतं.

"तुम्ही लावून टाका," आईंनी माझ्याकडून सांगितलं.

"मी कोणाच्या पेशंटला हात लावत नाही," बाई म्हणाल्या. "परत या."

आई परत यायला दीड वर्ष लागलं. मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग एकदा व्हिसा नाकारला गेला. तेवढे दिवस बाई त्या तपकिरी रेघांच्या कपातूनच कॉफी पीत होत्या. मला रविवारी फोन लावून द्यायला सांगायच्या, आणि मग दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. मी भाषांतर करायला गेले की बाई हाताने गप्प करायच्या.

सोनं लावलं त्या दिवशी बाहेर बर्फ होतं. खिडक्या बंद, हीटर बंद, कारण ती पूड श्वासानेसुद्धा उडते. आईंनी रेघांवर चिकाचा शेवटचा, केसाएवढा बारीक हात फिरवला. मग बाईंनी रेशमी कुंचल्यावर सोनं घेऊन दिलं. आईंचा हात चालू लागला, पण मधेच त्या थांबल्या. "मला उजवीकडचं नीट दिसत नाही. तू धर, तू सांग." मी कप धरला आणि हळू आवाजात सांगत गेले: जरा वर, आता खाली, आता पुरे. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी जेवढ्या जवळ बसलो होतो तेवढ्या पूर्वी कधी बसलो नव्हतो. झाल्यावर बाईंनी भिंग लावून सगळा कप तपासला.

"एका जागी जास्त पडलंय," त्या म्हणाल्या. "पण घाईत केलेलं नाही."

पुढच्या वर्षी नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहायला गेलो. बाईंशी फोन होत राहिले. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला, आणि दहा दिवसांत त्या गेल्या. कासेलच्या त्यांच्या भाचीने मला कळवलं. शॉवरमध्ये अकरा भांडी निघाली होती. तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून गुरुवारी दारात बसून ज्याची त्याला परत दिली. काही पूर्ण, काही अर्धी. "आत्याचा निळ्या पट्टीचा कप तेवढा मी ठेवून घेतलाय," ती म्हणाली. "चालेल ना?" मी म्हटलं, तो तुमच्याच घरातला आहे.

मग मी रत्नागिरीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. आईंना सांगितलं. त्रास फार झाला का, जवळ कोणी होतं का, एवढं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, भाची होती, आणि शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, सगळ्यांना ओळखत होत्या.

"बरं झालं," आई म्हणाल्या. मग कधी नव्हे त्या संकोचाने म्हणाल्या, "अगं, तिचं नाव काय होतं? इतकी वर्षं सोनारीणबाई, सोनारीणबाई केलं. देवापुढे तिच्यासाठी दिवा लावायचाय, तर तिथे खरं नाव घ्यायला हवं ना."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते म्हणून पाहिलं, मधेच अडखळल्या. मी पुन्हा सांगितलं, तुकडे पाडून, सावकाश. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा शेवट चुकला. "थांब, सांगू नकोस," म्हणाल्या. तिसऱ्यांदा नाव स्वच्छ, पूर्ण आलं. मग फोन तसाच चालू ठेवून त्या देवघराकडे गेल्या, आणि मला इकडे काडेपेटी ओढल्याचा आवाज ऐकू आला.